ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढायचा

ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या उत्तरेचं शहर आता आपल्याकडच्या प्रवाशांना अनोळखी राहिलेलं नाही. हिवाळ्यात नॉर्दर्न लाइट्स बघायला पुण्या-मुंबईची मंडळी तिथं जाऊन येतात. तिकिटं काढायला बसलं की नकाशावर आणखी वर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्वालबार्ड द्वीपसमूह दिसतो आणि मन तिकडे ओढ घेतं. मग प्रश्न येतो: ट्रॉम्सोहून तिथलं मुख्य गाव लाँगयरब्येन किती लांब? विमानाला वेळ किती लागतो?

याचं उत्तर एकच असायला हवं, पण प्रत्यक्षात वेगवेगळे आकडे समोर येतात. ९५८, ९६२, ५१८, ५९६ हे चारही आकडे याच अंतराचे आहेत. वेळेचंही तसंच: एक तास दहा मिनिटं, एक तास पंचवीस, एक तास चाळीस. यातलं काहीही चूक नाही, फक्त प्रत्येकानं वेगळी गोष्ट मोजली आहे. कोणी काय मोजलं हे कळलं, की या दोन विमानतळांचाच काय, जगातल्या कुठल्याही जोडीचा हिशेब घरबसल्या करता येतो. साधा कॅल्क्युलेटर आणि अर्धा तास पुरतो. मी हे मनापासून सुचवते, कारण उत्तरेकडच्या प्रवासात एक उड्डाण हुकलं तर पुढचं संध्याकाळी मिळेलच असं नसतं. आकडा स्वतः काढला की त्यात कुठे ढिलाई आहे आणि कुठे नाही, हेही समजतं.

पहिली पायरी: विमानतळ नक्की कोणता, आणि तो कुठे आहे

शहराचे अक्षांश-रेखांश घेऊ नका, विमानतळाचे घ्या. इथं दोन्ही विमानतळ गावाला लागूनच असल्यानं फरक थोडा पडतो, पण सवय चांगली. ट्रॉम्सो विमानतळाचा तीन अक्षरी कोड टीओएस, लाँगयरब्येनचा एलवायआर. तिकिटावर लाँगयरब्येनच्या ऐवजी 'स्वालबार्ड' एवढंच लिहिलेलं दिसलं तरी गोंधळू नका, तोच विमानतळ आहे.

ट्रॉम्सो: ६९.६८ अंश उत्तर, १८.९२ अंश पूर्व.
लाँगयरब्येन: ७८.२५ अंश उत्तर, १५.४७ अंश पूर्व.

हे आकडे दशांशात आहेत. बऱ्याच ठिकाणी ते अंश-मिनिटांत मिळतात आणि सगळ्यात जास्त चूक तिथंच होते. लाँगयरब्येनचा अक्षांश ७८ अंश १४.८ मिनिटं असा लिहिलेला असेल, तर घाईत तो ७८.१४८ म्हणून टाकला जातो. मिनिटांना ६० नं भागायचं असतं: १४.८ भागिले ६० म्हणजे ०.२४७, म्हणून ७८.२४७. ही चूक केली तर उत्तर अकरा किलोमीटरनं कमी येतं, आणि ते इतकं खरं वाटतं की शंकाही येत नाही.

दुसरी पायरी: दोऱ्यानं मोजा

गणिताआधी एकदा हाताला अंतर कळू द्या. आमच्याकडे मुलीचा शाळेतला पृथ्वीगोल आहे, ३० सेंटिमीटर व्यासाचा. त्याचा परीघ सुमारे ९४ सेंटिमीटर होतो आणि पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. शिवणकामाचा दोरा ट्रॉम्सोवर अंगठ्यानं दाबला, दुसरं टोक स्वालबार्डपर्यंत ताणलं आणि पट्टीवर धरलं. सव्वादोन सेंटिमीटरला किंचित जास्त भरलं, म्हणजे साडेनऊशेच्या पुढे काहीतरी. दोरा ताणला की तो आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. भूगोलाच्या पुस्तकात जिला बृहद्वृत्त म्हणतात ती हीच वाट, आणि हवाई अंतर म्हणजे तिचीच लांबी.

आता तेच अंतर मोबाइलवरच्या सपाट नकाशावर बघा. आपण रोज वापरतो ते बहुतेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात, आणि त्यात ध्रुवाकडे जावं तसा प्रदेश ताणला जातो. मुंबईच्या आसपास हा ताण जेमतेम सहा टक्के असतो. ट्रॉम्सोला तो जवळजवळ तिप्पट होतो, लाँगयरब्येनला जवळजवळ पाचपट. याचा परिणाम असा, की या नकाशावर ट्रॉम्सो ते लाँगयरब्येन ही रेघ कन्याकुमारी ते श्रीनगर या रेघेपेक्षा लांब दिसते. प्रत्यक्षात कन्याकुमारी-श्रीनगर सुमारे २,९०० किलोमीटर आणि ही वाट ९६०. पहिल्यांदा हे ताडून बघितलं तेव्हा मला माझ्याच गणिताचा भरवसा वाटेना, मी परत परत मोजलं. उत्तरेकडची अंतरं डोळ्यांनी ठरवू नयेत ती याचसाठी.

तिसरी पायरी: पायथागोरसचा झटपट हिशेब

शाळेतलं भूमितीचं प्रमेय इथं छान उपयोगी पडतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सरासरी १११.२ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही जवळपास तेवढाच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावर तेवढा असतो आणि ध्रुवाकडे आवळत जातो. किती आवळला हे त्या अक्षांशाच्या कोसाइननं कळतं.

अक्षांशातला फरक ८.५७ अंश. गुणिले १११.२ म्हणजे ९५३ किलोमीटर.

रेखांशातला फरक ३.४५ अंश. दोन्ही अक्षांशांचा मध्य ७३.९६, त्याचा कोसाइन ०.२७६. म्हणजे तिथं रेखांशाचा एक अंश जेमतेम ३०.७ किलोमीटरचा, आणि ३.४५ अंशांचे १०६ किलोमीटर.

९५३ चा वर्ग अधिक १०६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: ९५९ किलोमीटर.

एवढ्यावर थांबलात तरी चालेल. मात्र ही पद्धत दोन ठिकाणांच्या रेखांशात फरक थोडा असेल तेव्हाच खरी ठरते. ट्रॉम्सोहून अलास्काच्या उत्तर टोकावरचं उत्कियागविक घ्या. ते जवळजवळ त्याच अक्षांशावर, पण पृथ्वीच्या पार पलीकडल्या बाजूला आहे. पायथागोरस तिथं साडेसहा हजार किलोमीटर सांगतो, कारण तो अक्षांशाची रेघ धरून गोल फिरत जातो. खरी वाट ध्रुवाजवळून जाते आणि ती सुमारे ४,३४० किलोमीटरची आहे. रेखांशात दहा-पंधरा अंशांपेक्षा जास्त फरक असेल, तर पुढची पायरी टाळू नका.

चौथी पायरी: गोलाचं गणित

कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर आहे ना, ते आधी बघा. मग:

दोन्ही अक्षांशांचे साइन काढून त्यांचा गुणाकार करा: ०.९३७८ गुणिले ०.९७९० म्हणजे ०.९१८१.

दोन्ही अक्षांशांचे कोसाइन काढून त्यांचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशातल्या फरकाच्या कोसाइननं गुणा: ०.३४७३ गुणिले ०.२०३६ गुणिले ०.९९८२ म्हणजे ०.०७०६.

दोन्हींची बेरीज ०.९८८७. तिचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) घ्या: ८.६२ अंश. पृथ्वीच्या मध्यावरून बघितलं तर या दोन विमानतळांमध्ये एवढा कोन आहे. गुणिले १११.२, उत्तर ९५८ किलोमीटर.

मी इथं वाचायला सोपं जावं म्हणून चारच दशांश लिहिले. तुम्ही करताना कॅल्क्युलेटर देईल तेवढे सगळे ठेवा. अंतर कमी असतं तेव्हा हे गणित नाजूक होतं: बेरजेतल्या चौथ्या दशांशात एकानं फरक पडला, तर इथं उत्तर चार किलोमीटरनं हलतं. स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. तिथली साइन-कोसाइनची फंक्शन्स अंश ओळखत नाहीत, त्यांना रेडियन लागतात. आधी अंशांचे रेडियन करून घ्या आणि शेवटी आलेल्या रेडियनमधल्या कोनाला ६,३७१ नं, म्हणजे पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येनं गुणा. उत्तर काहीतरी भलतंच आलं, तर दहातल्या नऊ वेळा चूक इथंच असते.

आता सुरुवातीचे चार आकडे उलगडतात. ९५८ हे पृथ्वी नितळ गोल मानून. पण पृथ्वी ध्रुवांशी थोडी चपटी आहे, त्यामुळे उत्तरेकडे अक्षांशाचा अंश किंचित लांब, १११.६ किलोमीटरच्या आसपास असतो. तो चपटेपणा धरला की उत्तर ९६२ च्या जवळ जातं. वैमानिक सागरी मैलात बोलतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून ५१८. जमिनीवरच्या मैलात तेच ५९६. बोलताना ९६० किलोमीटर म्हणा. आपल्या ओळखीचं माप हवं तर मुंबई-चेन्नई हवाई अंतर सुमारे १,०३० किलोमीटर आहे, हे त्याहून थोडं कमी.

पाचवी पायरी: वेळ

अंतर पक्कं असतं. वेळ मात्र थरांनी बनलेला असतो, आणि कोण कोणता थर सांगतंय हे ओळखावं लागतं.

सगळ्यात आतला थर म्हणजे नुसता भागाकार. या मार्गावर स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स आणि नॉर्वेजियन या कंपन्यांची विमानं जातात. बोइंग ७३७ जातीचं विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेग धरतं. ९६० भागिले ८३० म्हणजे एक तास नऊ मिनिटं. अंतर सांगणारी संकेतस्थळं बऱ्याचदा एवढंच करून मोकळी होतात.

त्यावरचा थर हवेतल्या वेळाचा. विमान चढताना आणि उतरताना इतक्या वेगानं जात नाही. शिवाय उड्डाणानंतर दिशा घ्यायला आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला वळसे पडतात, त्यामुळे प्रत्यक्ष उडालेली वाट ९६० पेक्षा थोडी जास्तच भरते. या सगळ्याची बारा ते पंधरा मिनिटं धरा. चाकं जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत एक तास वीस ते पंचवीस मिनिटं.

आणि बाहेरचा थर तिकिटावरचा, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ. त्यात दोन्हीकडचं जमिनीवरचं चालणंही येतं. म्हणून मी एक सोपा नियम वापरते: अंतराला ८३० नं भागा आणि अर्धा तास मिळवा. एक तास नऊ अधिक तीस, एक तास एकोणचाळीस. वेळापत्रकात या मार्गाला दीड ते पावणेदोन तास दिलेले असतात, त्यात हे बरोबर बसतं.

नियम एकाच उदाहरणावर खरा ठरला म्हणून विश्वास ठेवू नका, आणखी दोनदा तपासा. ऑस्लो ते ट्रॉम्सो सुमारे १,१२० किलोमीटर: एक तास एकवीस अधिक तीस, एक तास एक्कावन्न. ऑस्लो ते लाँगयरब्येन थेट, सुमारे २,०२० किलोमीटर: दोन तास सव्वीस अधिक तीस, तीन तासांना चार मिनिटं कमी. दोन्ही वेळापत्रकाशी जुळतात. जेट विमान आणि पाचशे किलोमीटरच्या पुढचं अंतर असेल तर हा नियम सहसा दगा देत नाही. पंख्याच्या विमानांचं गणित वेगळं, त्याकडे शेवटी येते.

वाऱ्याचं काय?

युरोपातून अमेरिकेला जाताना आणि येताना वेळेत तासाभराचा फरक पडतो हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून इथंही वाऱ्याची धास्ती वाटते. पण उंचावरचे जोरदार वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि ही वाट जवळजवळ सरळ उत्तरेची आहे. निघताना दिशा ३५५ अंश, म्हणजे उत्तरेपासून पाच अंशच पश्चिमेला. वारा समोरून किंवा मागून न येता कुशीतून येतो.

कुशीतला वारा वेळ फारसा खात नाही. ताशी १५० किलोमीटरचा आडवा वारा असला तरी विमान नाक थोडं वाऱ्याकडे वळवून सरळ जातं आणि जमिनीवरचा वेग ८३० वरून ८१६ वर येतो. फरक एका मिनिटाचा. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर चार-पाच मिनिटं जास्त, मागून असेल तर चार मिनिटं कमी. एवढ्यानं कोणाचं पुढचं विमान चुकत नाही.

वेळ जातो तो जमिनीवर. हिवाळ्यात ट्रॉम्सोला पंखांवर बर्फ असेल तर निघण्याआधी गरम द्राव फवारून तो काढतात. खिडकीतून दिसतं: उंच पाळण्यात उभा माणूस, फवाऱ्याची वाफ, आणि पंखावरून ओघळणारा द्राव. दहा-वीस मिनिटं सहज जातात. ती जाऊ द्यावीत, पंख स्वच्छ असल्याशिवाय उडणं धोक्याचंच.

दुसरीकडे लाँगयरब्येनला एकच धावपट्टी आहे, सुमारे अडीच किलोमीटरची. एका बाजूला फियोर्डचं पाणी, दुसऱ्या बाजूला प्लाटोबर्गे डोंगर. १९७५ साली हा विमानतळ सुरू झाला, आणि धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली आहे. नियमित प्रवासी वाहतूक असलेला जगातला सगळ्यात उत्तरेकडचा विमानतळ हाच. धुकं दाटलं किंवा वारा फार असला की विमानाला उतरता येत नाही, आणि मुंबईला उतरता आलं नाही तर अहमदाबादला जावं तसा शेजार तिथं नाही. मोठ्या विमानाला पर्याय म्हणजे परत मुख्य भूमी. गेलेले ९६० किलोमीटर आणि परतीचे ९६०, म्हणजे हवेत तीन तास घालवून माणूस पुन्हा ट्रॉम्सोलाच.

म्हणून माझा ठाम सल्ला: लाँगयरब्येनहून परत येण्याचा दिवस आणि भारतात यायच्या विमानाचा दिवस एक ठेवू नका. मध्ये एक रात्र ट्रॉम्सोत किंवा ऑस्लोत काढा. आणि जाणं-येणं शक्यतो एकाच तिकिटात घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण पहिलं विमान मागे फिरलं तर दुसऱ्या तिकिटाची जबाबदारी कुणी घेत नाही.

घड्याळ आणि पासपोर्ट

घड्याळाचा त्रास या मार्गावर नाही. स्वालबार्डला नॉर्वेचीच वेळ चालते, त्यामुळे पोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली की झालं. भारताच्या मानानं हिवाळ्यात साडेचार तास मागे, उन्हाळ्यात साडेतीन. दुसऱ्या एखाद्या जोडीचा हिशेब करताना मात्र दोन्ही वेळा आधी ग्रीनिचच्या प्रमाणवेळेत आणा आणि मग वजाबाकी करा. उत्तरेत रेखांश आवळलेले असल्यानं थोडक्या अंतरात घड्याळ बदलतं. पूर्वेकडे जाताना प्रवास उगाच लांबलेला दिसतो, पश्चिमेकडे जाताना पोचायची वेळ निघायच्या वेळेच्या आधीचीही दिसू शकते.

पासपोर्टकडे जास्त लक्ष द्या. १९२० च्या स्वालबार्ड कराराप्रमाणे तिथं नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे, पण स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. स्वालबार्डसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र तिथं जायची वाट शेंगेनमधून आहे: ट्रॉम्सोहून निघताना तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि परत येताना पुन्हा आत शिरता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचा दरवाजा बंद. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी दोन किंवा अनेक प्रवेशांचा व्हिसाच मागावा, आणि अर्जात स्वालबार्डला जाऊन परत येणार हे स्पष्ट लिहावं. हातात आलेल्या व्हिसावर प्रवेशांची संख्या स्वतः वाचून बघा.

याचा वेळेवरही परिणाम होतो. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणाऱ्या विमानातून प्रवाशांना ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट दाखवावा लागतो, मग पुन्हा त्याच विमानात. देशांतर्गत उड्डाण समजून अगदी शेवटच्या मिनिटाला दारावर पोचलात तर ही रांग आडवी येते. ट्रॉम्सोहूनच निघायचं असेल तर मी दोन तास आधी पोचते. विमानतळ गावापासून जवळ आहे, दहा-पंधरा मिनिटांत गाडीनं जाता येतं. पलीकडे उतरल्यावर गावात जायला विमानाच्या वेळेवर बस असते, अंतर पाचेक किलोमीटर.

सगळं जोडलं तर दारापासून दारापर्यंतचा हिशेब असा: ट्रॉम्सोच्या हॉटेलातून विमानतळ पाव तास, तिथं दोन तास, ब्लॉक टाइम एक तास चाळीस, सामान आणि बस पाऊण तास. साडेचार तास आणि वर दहा मिनिटं. त्यातले हवेतले किती? एक तास पंचवीस.

खिडकीतून वेळ ओळखणं

जाताना उजवीकडची खिडकी घ्या. उड्डाणानंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, आकाश मोकळं असेल तर, समुद्रात एकट्यानं उभं असलेलं बेअर आयलंड उजव्या हाताला राहतं. ते ७४.४ अंश उत्तरेला आहे, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त वाट झाली. साधारण तासाभरानं स्पिट्सबर्गेन बेटाचं दक्षिण टोक येतं आणि त्याच सुमारास इंजिनांचा आवाज बदलतो, विमान उतरायला लागतं. अकरा-बारा किलोमीटर उंचीवरून खाली यायला जेटला सुमारे दोनशे किलोमीटर लागतात, आणि त्या टोकापासून लाँगयरब्येन तेवढंच आहे. टोकदार पांढरे सुळके आणि त्यांच्यामधून उतरणाऱ्या हिमनद्या खिडकीशी येतात तेव्हा मोबाइल बाजूला ठेवावा.

उजेडाचा अंदाज आधी घ्या, नाहीतर खिडकीचा उपयोग नाही. लाँगयरब्येनला ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजाच्या वर येतच नाही, तर ट्रॉम्सोची अंधारी रात्र नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होऊन जानेवारीच्या मध्याला संपते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ट्रॉम्सोहून भर दुपारी उन्हात निघालेलं विमान सव्वा-दीड तासात सूर्य नसलेल्या गावात उतरतं. ८.५७ अंश अक्षांश म्हणजे काय, ते तिथं कळतं. याउलट वीस एप्रिलच्या सुमारापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिथं सूर्य मावळत नाही.

उतरल्यावर विमानतळामागच्या प्लाटोबर्गे डोंगराकडे एकदा बघा. त्याच्या पोटात २००८ साली उघडलेली जागतिक बियाणे तिजोरी आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं आपल्या संग्रहातली बियाणी तिथं ठेवली आहेत. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा ही या संस्थेच्या कामाची पिकं. सोलापूर-नगरच्या शिवारातल्या पिकांचे भाऊबंद त्या डोंगरात उणे अठरा अंशांत जपलेले आहेत, आणि ते याच धावपट्टीवर उतरून तिथं गेले, हे आठवलं की मला भरून येतं.

सरावासाठी: लाँगयरब्येन ते नी-ओलेसुंद

आता एक जोडी तुम्ही स्वतः सोडवा. नी-ओलेसुंद ही संशोधकांची वस्ती, ७८.९३ अंश उत्तर, ११.८७ अंश पूर्व. भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून तिथं आहे, आणि त्याचं काम बघणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ही संस्था आहे गोव्यात, वास्कोला. गोव्याहून निघालेल्या शास्त्रज्ञाच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा हाच.

अक्षांशातला फरक ०.६८ अंश, म्हणजे ७६ किलोमीटर. रेखांशातला फरक ३.६० अंश, मध्य अक्षांश ७८.५९, त्याचा कोसाइन ०.१९८, एक अंश २२ किलोमीटरचा, म्हणून ७९ किलोमीटर. पायथागोरस: सुमारे ११० किलोमीटर.

वेळ काढताना मात्र ८३० आणि अर्धा तास हा नियम बाजूला ठेवा. त्यानं अडतीस मिनिटं येतील. या टप्प्यावर वर्षानुवर्षे डॉर्निअर २२८ ही दोन पंख्यांची छोटी विमानं चालत आली आहेत, आपल्याकडे कानपूरला एचएएल म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये परवान्यानं बनतात तीच जात. तिथं ती मुख्यतः संशोधक आणि वस्तीवरच्या माणसांसाठी असतात, पर्यटकांच्या सोयीसाठी नाहीत. वेग ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. ११० भागिले ३७० म्हणजे अठरा मिनिटं. असं विमान फार उंच चढत नाही, धावपट्टीकडे फार चालतही नाही, म्हणून वर सात-आठ मिनिटं पुरतात. पंचवीस मिनिटं.